शेजारी विनापरवाना मजला चढतोय? पुण्यात तक्रार कुठे आणि कशी करायची

स्लॅब टाकला जाण्याआधी अर्ज दाखल झाला पाहिजे. अनधिकृत बांधकामाविरुद्ध पुण्यात दाद मागणाऱ्याने एवढं मनात पक्कं ठेवावं. कॉलमच्या सळया उभ्या असताना काम थांबलं तर बांधणाऱ्याचं नुकसान थोडं होतं, महापालिकेचं कामही सोपं असतं आणि आत कोणी राहायला आलेलं नसतं. तेच सहा महिन्यांनी खोल्या भाड्याने जातात, विजेचं मीटर बसतं, मुलांचे शाळेत दाखले होतात. मग कारवाई झालीच तर ज्याचा काडीचा दोष नाही त्याचा संसार आधी रस्त्यावर येतो. म्हणून पुढे लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या काम चालू असतानाच चढायच्या आहेत.

पुण्यात नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेल्या, भाड्याने राहणाऱ्या किंवा नुकतंच घर घेतलेल्या लोकांसाठी हे लिहितो आहे. पुणेकराच्या ओळखीत एखादा माणूस असतो ज्याला ‘आत’ विचारता येतं. तुमचा तसा कोणी नसेल तरी अडत नाही. कागद नीट केला तर तो ओळखीपेक्षा लांब जातो.

आधी हद्द कोणाची ते बघा

‘पुणे’ म्हणजे एकच कार्यालय नव्हे. नवीन माणसाचे निम्मे अर्ज चुकीच्या दारात जातात आणि ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर यायलाच महिना निघून जातो.

शहराचा मोठा भाग पुणे महानगरपालिकेकडे आहे. मुख्य इमारत शिवाजीनगरला, आणि औंध-बाणेरपासून कोंढवा-येवलेवाडीपर्यंत पंधरा क्षेत्रीय कार्यालयं. पिंपरी, चिंचवड, वाकड, रावेत, भोसरी, चिखली हा भाग पिंपरी-चिंचवड महापालिकेचा; मुख्य कार्यालय पिंपरीत आणि ‘अ’ ते ‘ह’ अशी आठ क्षेत्रीय कार्यालयं. कॅम्प, खडकी आणि देहूरोड इथे कॅन्टोन्मेंट बोर्ड आहेत आणि तिथे राज्याचा नव्हे, केंद्राचा २००६ चा कॅन्टोन्मेंट कायदा चालतो. महापालिकांच्या बाहेरच्या बहुतेक गावांसाठी २०१५ मध्ये स्थापन झालेलं पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे पीएमआरडीए. त्याचं मुख्य कार्यालय आकुर्डीत. हिंजवडीत तर एकाच रस्त्यावर दोन मालक भेटतात. आयटी पार्कच्या भूखंडांवर एमआयडीसी, आणि त्याला लागून असलेल्या गावच्या जमिनीवर पीएमआरडीए.

समाविष्ट गावांमध्ये जास्त काळजी घ्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली, नऱ्हे, सूस, म्हाळुंगे ही त्या २३ मधली. या २३ गावांसाठी सरकारने लगेच पीएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं होतं, त्यामुळे तिथली एखादी फाइल पीएमआरडीएकडे तर शेजारची महापालिकेकडे असं होतं. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ मध्ये आत आली आणि २०२४ मध्ये स्वतंत्र नगरपरिषदेसाठी बाहेर काढली गेली. अशा गावात राहत असाल तर एकच अर्ज दोन्ही कार्यालयांत द्या आणि प्रत्येक अर्जावर दुसऱ्याचं नाव ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून लिहा. कोणालाही टोलवाटोलवी करायला जागा उरत नाही.

महापालिकेच्या आतही खाती वेगळी आहेत. इमारत, वाढीव मजला, साईड मार्जिनमधलं, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या मोकळ्या जागेतलं बांधकाम, पार्किंगचं केलेलं दुकान, गच्चीवर पत्रा टाकून चालवलेलं हॉटेल हे सगळं बांधकाम विभागाकडे. फुटपाथवरची टपरी, रस्त्यावर आलेला ओटा अतिक्रमण विभागाकडे. होर्डिंग आकाशचिन्ह व परवाना विभागाकडे. झाड तोडलं असेल तर उद्यान विभाग. एकाच जागेवर तीन प्रकार असतील तर तीन वेगळे अर्ज द्या. एकत्र अर्ज तिन्ही टेबलांवर फिरत राहतो.

संशय आणि पुरावा यांच्यामध्ये मान्य नकाशा असतो

‘मला बेकायदा वाटतंय’ एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. काम बेकायदा आहे की नाही हे मान्य नकाशावरून ठरतं. कधी कधी खरोखरच परवानगी घेतलेली असते आणि आपल्याला फक्त ऊन अडल्याचा राग असतो. तो राग खरा असला तरी कायद्यात बसत नाही. म्हणून आधी नकाशा.

पहिली जागा महारेराची, म्हणजे राज्यातल्या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची वेबसाइट. मे २०१७ पासून, भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि आठपेक्षा जास्त सदनिका असतील तर प्रकल्पाची नोंदणी सक्तीची आहे आणि तिथे मान्य नकाशे आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला सगळे सीसी म्हणतात, पाहायला मिळतं. दुसरी जागा बांधकामाच्या दारातला फलक. परवानगीचा क्रमांक आणि तारीख तिथे असायला हवी आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तर मान्य नकाशाच काम संपेपर्यंत जागेवर लावून ठेवायला सांगितलं आहे. फलक नसेल तर त्याचाही फोटो काढा.

लहान प्लॉटवरचं खासगी काम असेल तर माहिती अधिकार. अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत हे दोन्ही आहे आणि मोठा अर्ज त्यावरूनच परत येतो. मागायचं ते नेमकं मागा: ‘सर्व्हे नंबर अमुक, हिस्सा नंबर तमुक या मिळकतीस दिलेलं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, मान्य नकाशे, जोते तपासणी दाखला व भोगवटापत्र यांच्या साक्षांकित प्रती.’ जोते तपासणी दाखला म्हणजे काम जोत्यापर्यंत आल्यावर तपासून दिलेला कागद आणि भोगवटापत्र म्हणजे पूर्ण झालेली इमारत वापरायची परवानगी. ‘परवानगी दिली आहे का आणि का दिली’ असे प्रश्न विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. उत्तराला तीस दिवस असतात.

तीस दिवसांत स्लॅब पडून प्लास्टरही होतं, हे खरं. त्यावर एक वाट आहे. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि महापालिकांत नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा राज्य सरकारचा २०१८ चा आदेश आहे. पुणे महापालिकेत हा पायंडा त्याच्याही कित्येक वर्षं आधी पडला होता. आधी विभागात जाऊन कोणती फाइल पाहायची आहे ते लेखी द्या आणि सोमवारी जा. आजही हा हक्क फार कमी लोक वापरतात याचं मला वाईट वाटतं.

नकाशा हातात आला की घाबरू नका. कोपऱ्यातला क्षेत्रफळाचा तक्ता आत्ता बाजूला ठेवा. नवीन प्रस्तावित काम लाल रंगात दाखवलेलं असतं आणि पाडायचं काम पिवळ्या. आधी मजले मोजा: नकाशात पार्किंग अधिक तीन आणि समोर पार्किंग अधिक पाच असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही. मग इमारतीपासून सीमाभिंतीपर्यंतचं अंतर, म्हणजे साईड मार्जिन, नकाशावर किती मीटर लिहिलं आहे ते पाहा आणि आपल्या बाजूने टेप लावून जितकं मोजता येईल तितकं मोजा. मग तळमजल्यावरच्या पार्किंगच्या चौकटी. नकाशात जिथे गाड्या आहेत तिथे शटर दिसत असेल तर ते तक्रारीत स्वतंत्र मुद्दा म्हणून जातं. शेवटी गच्ची: जिना, लिफ्टची खोली आणि पाण्याची टाकी यांच्याखेरीज वर काय आहे. दुसऱ्याच्या आवारात परवानगीशिवाय शिरू नका. रस्त्यावरून आणि आपल्या गॅलरीतून जेवढं दिसतं तेवढं पुरतं.

फोटो रोज एकाच जागेवरून काढा, तारीख दिसेल असे. सेंट्रिंग, म्हणजे स्लॅब ओतण्याआधीचा साचा, लागलेला फोटो आणि चार दिवसांनी त्याच चौकटीत भरलेला स्लॅब, असे दोन फोटो शेजारी ठेवले की नोटीस मिळाल्यानंतरही काम चालू राहिलं हे न सांगता सिद्ध होतं.

एक मात्र ध्यानात ठेवा. रंगरंगोटी, फरशी बदलणं, आतलं प्लास्टर, इमारतीच्या बाहेरच्या रूपात फरक न पाडणारी आतली दुरुस्ती यांना नगररचना कायद्याखाली परवानगी लागत नाही. शेजाऱ्याने स्वयंपाकघराचा ओटा फोडला म्हणून अर्ज करणाऱ्याचा पुढचा खरा अर्जही कोणी गांभीर्याने घेत नाही.

अर्ज

मोबाइल ॲपवरची तक्रार जरूर करा, टोकन नंबर मिळतो. पण ती तक्रार ‘संबंधित विभागाकडे पाठवली’ असा शेरा मारून बंद होऊ शकते. खरा आधार कागदाचा. अर्जाच्या दोन प्रती काढा, एक आवक टेबलावर द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तो क्रमांक नसेल तर तुमचा अर्ज कार्यालयाच्या लेखी जन्मलेलाच नाही.

मजकूर साधारण असा असावा:

‘प्रति, मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विकास विभाग. विषय: सर्व्हे नंबर अमुक येथील विनापरवाना बांधकाम थांबवणेबाबत. सदर मिळकतीवर मान्य नकाशात पार्किंग अधिक तीन मजले दर्शविले असून प्रत्यक्षात चौथ्या मजल्याचे सेंट्रिंगचे काम अमुक तारखेपासून चालू आहे. पूर्वेकडील साईड मार्जिनमध्ये पत्र्याचे शेड उभारले आहे. छायाचित्रे सोबत जोडली आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ५४ अन्वये काम तात्काळ थांबवावे, स्थळपाहणी करून कलम ५३ अन्वये कार्यवाही करावी आणि केलेल्या कार्यवाहीची माहिती अर्जदारास लेखी कळवावी.’

इतकंच. मालक कोणाचा माणूस आहे, कोणी किती खाल्ले, यातलं काहीही लिहू नका. सिद्ध न होणारं एक वाक्य सिद्ध होणारी चार वाक्यं बुडवतं.

‘कलम ५४’ हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. बहुतेक अर्जांत फक्त ‘कारवाई करा’ असतं आणि कारवाई म्हणजे पाडणं असं धरून फाइल त्या लांबच्या रांगेत जाते. काम थांबवण्याची नोटीस ही वेगळी आणि लवकर होणारी गोष्ट आहे. ती मागितली तरच तिच्यावर कोणाला तरी होय किंवा नाही लिहावं लागतं.

आपलं नाव समोरच्याला कळेल हे गृहीत धरूनच चाला. एकट्याने सही करण्यापेक्षा सोसायटीच्या लेटरहेडवर, ठरावाचा क्रमांक टाकून, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीने अर्ज द्या. भाडेकरू असाल तर घरमालकाला किंवा कमिटीतल्या एखाद्या काकांना पुढे करा. त्यात कमीपणा नाही. निनावी अर्जावर पाहणी होऊ शकते, पण त्याचा पाठपुरावा करायला कोणी उरत नाही.

आत काय घडतं

अर्ज कनिष्ठ अभियंत्याकडे येतो. तो जागेवर जातो, मोजमाप घेतो, पंचनामा करतो. परवानगीच न घेता काम केलं असेल, किंवा परवानगी रद्द झाल्यावर केलं असेल, तर कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची चोवीस तासांची नोटीस देता येते. परवानगी होती पण नकाशाबाहेर गेलं असेल तर एक महिन्याची. या मुदतीत मालक कलम ४४ खाली बांधकाम कायम ठेवण्यासाठी अर्ज करू शकतो आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थांबते. अनेक प्रकरणं इथेच वर्षानुवर्षं अडकतात. म्हणून तो अर्ज आला आहे का, आणि फेटाळला गेला का, हे दर महिन्याला विचारत राहा.

१३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाडकामावर देशभरासाठी बंधनं घातली. नोंदणीकृत टपालाने नोटीस, शिवाय ती बांधकामावर चिकटवणं, किमान पंधरा दिवस, सुनावणी, कारणांसह आदेश, आणि आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस. रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्ग किंवा नदी यांना लागून सार्वजनिक जागेत केलेलं बांधकाम आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारं पाडकाम यांना हे लागू नाही. कोणाचंही घर एका रात्रीत जाऊ नये हे मला मनापासून पटतं. पण याचाच अर्थ, काम थांबवण्याची पायरी हुकली की पुढचा प्रवास आता आणखी लांब आहे.

मालकाने स्वतः पाडलं नाही तर महापालिका पाडते आणि खर्च जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करते. कलम ५२ खाली गुन्हा वेगळा: किमान एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार रुपये दंड. ही दंडाची रक्कम आजच्या पुण्यातल्या एका चौरस फुटाच्या भावापुढेही किरकोळ आहे आणि ती वाढवायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अधिकाऱ्यावरही जबाबदारी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. याच कायद्याच्या कलम ५६-अ नुसार पदनिर्देशित, म्हणजे या कारवाईसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याने पुरेशा कारणाशिवाय कारवाई टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पहिल्या अर्जात हे लिहू नका, ते धमकीसारखं वाटतं. दोन स्मरणपत्रांना उत्तर आलं नाही तर तिसऱ्यात शांतपणे उल्लेख करा.

पाठपुरावा

पंधरा दिवसांनी पहिलं स्मरणपत्र, आवक क्रमांकाचा हवाला देऊन, प्रत शहर अभियंत्यांना. त्यासोबतच माहिती अधिकारात ‘माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर झालेल्या स्थळपाहणीचा अहवाल आणि दिलेल्या नोटिसांच्या प्रती’ मागा. ‘तृतीय पक्षाची माहिती’ म्हणून नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील करा, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून. मग आयुक्त, मग राज्य सरकारचं तक्रारींचं ‘आपले सरकार’ पोर्टल, आणि शेवटी वकिलामार्फत उच्च न्यायालय. तिथे पोचलात तर तोपर्यंतचे शिक्के मारलेले कागदच तुमची बाजू मांडतील.

अनुभव असा की साहेबांना भेटायला जाताना फाइल घेऊन जावं आणि आवाज खाली ठेवावा. एका कनिष्ठ अभियंत्याच्या वाट्याला मोठा भाग असतो. त्याला तयार नकाशा, मोजमाप आणि तारखांचे फोटो दिले तर त्याचं अर्धं काम झालेलं असतं आणि तुमची फाइल वर येते.

पाडकामाच्या दिवशी जॉ कटर, जेसीबी, बिगारी आणि पोलीस बंदोबस्त येतो. कधी फक्त स्लॅबला भोकं पाडून काम ‘केलं’ म्हणून नोंदतात आणि महिन्याभरात ती बुजतात. त्या दिवसाचे फोटो काढा आणि पुन्हा काम सुरू झालं तर नवीन अर्ज द्या, जुन्याचा क्रमांक लिहून.

घर घेण्याआधी हीच तपासणी

मे २०२५ मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या काठावरचे ३६ बंगले पिंपरी-चिंचवड महापालिकेने पाडले. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. बंगले नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी. तिच्या आत बांधकामाला मनाई असते. लाल रेषा शंभर वर्षांच्या पुराची. आयुष्याची कमाई घातलेली माणसं त्या दिवशी समोर उभी होती.

म्हणून टोकन देण्याआधी सर्व्हे नंबरवरून झोन दाखला, म्हणजे जमीन कोणत्या वापरासाठी ठेवली आहे त्याचा दाखला, आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. त्यावर पूररेषा, रस्ता रुंदी, आरक्षण, डोंगरमाथा-डोंगरउतार किंवा टेकड्यांवरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे का ते दिसतं. मग भोगवटापत्र मागा. ‘वीज आहे, पाणी आहे, ग्रामपंचायतीची घरपट्टी आहे’ असं सांगितलं जाईल. यातलं काहीही बांधकाम परवानगी नाही. अनधिकृत बांधकामावर महापालिका शास्तीसह कर लावते आणि तो भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही, असं कायद्यातच लिहिलेलं आहे.

नोटीस तुमच्याच दारावर लागली तर

फाडू नका, नाकारू नका. मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, मुदत तिथून मोजली जाते. पाकिटावरचा शिक्काही जपून ठेवा. कलम कोणतं आणि कोणता भाग अनधिकृत म्हटला आहे ते वाचा. पुष्कळदा सगळं घर नव्हे, एक वाढीव खोली किंवा बंद केलेली गच्ची एवढंच असतं आणि ते स्वतः काढलं तर प्रकरण तिथेच मिटतं. मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, सुनावणी मागा, आणि परवानाधारक वास्तुविशारदाकडून विचारून घ्या की युडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीत, जी डिसेंबर २०२० पासून लागू आहे, हे काम बसतं का. बसत असेल तर कलम ४४ चा अर्ज त्याच मुदतीत करा.

धायरी, आंबेगाव, नऱ्हे या भागांत गुंठा-दीड गुंठ्यावर पै-पै जमवून बांधलेली हजारो घरं आहेत. त्यातल्या माणसांना बिल्डरच्या पंगतीत बसवणं मला मान्य नाही. अशा घरांसाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. आरक्षण, पूररेषा, सरकारी जमीन यांवरची घरं त्यात बसत नाहीत. बसत असेल तर खरेदीचा कागद, सातबारा, त्या तारखेआधीचं वीजबिल किंवा कराची पावती आणि वास्तुविशारदाने काढलेला नकाशा जोडून प्रस्ताव दाखल करा आणि त्याची शिक्का मारलेली प्रत नोटिशीच्या उत्तराला लावा.